जून अल्मेडा

जून डालझील अल्मेडा (माहेरचे आडनाव: हार्ट, जन्म: ५ ऑक्टोबर १९३०, ग्लासगो, स्कॉटलंड, मृत्यू: १ डिसेंबर २००७, बेक्सहिल, इंग्लंड) या स्कॉटिश विषाणुशास्त्रज्ञ होत्या. माणसाला सर्दी-पडसे आणणाऱ्या कोरोना विषाणूची पहिली स्पष्ट छायाचित्रे त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने टिपली. विषाणूंच्या या गटाला 'कोरोना विषाणू' हे नाव देणाऱ्या आठ शास्त्रज्ञांमध्ये त्यांचा समावेश होतो. घरच्या आर्थिक परिस्थितीमुळे त्यांचे औपचारिक शिक्षण वयाच्या सोळाव्या वर्षी थांबले होते. प्रयोगशाळा-साहाय्यक म्हणून कामास आरंभ करून त्या स्वतःच्या कौशल्यावर आपल्या क्षेत्रातील मान्यवर संशोधक झाल्या. कोविड-१९ च्या साथीनंतर त्यांच्या कार्याकडे जगाचे नव्याने लक्ष गेले.

अल्मेडा हे आडनाव गोवा आणि वसई परिसरातील ख्रिस्ती समाजात परिचित आहे. जून यांना मात्र ते त्यांच्या व्हेनेझुएलन पतीकडून मिळाले होते. गोव्याशी वा भारताशी त्यांचा कौटुंबिक संबंध नव्हता.

प्रारंभिक जीवन

जून यांचा जन्म ग्लासगो शहराच्या ईशान्य भागातील एका चाळवजा इमारतीत झाला. वडील हॅरी हार्ट बसचालक होते. जून दहा वर्षांच्या असताना, १९४० मध्ये, त्यांचा सहा वर्षांचा धाकटा भाऊ घटसर्पाने दगावला. त्या काळी घटसर्प हे लहान मुलांच्या मृत्यूचे एक मोठे कारण होते.

शाळेत त्या हुशार विद्यार्थिनी म्हणून ओळखल्या जात. व्हाइटहिल माध्यमिक शाळेत त्यांनी विज्ञानाचे पारितोषिक मिळवले होते. जीवशास्त्राची त्यांना विशेष आवड होती आणि विद्यापीठात जाऊन पुढे शिकण्याची इच्छा होती. परंतु विद्यापीठीय शिक्षणाचा खर्च कुटुंबाला झेपणारा नव्हता. १९४७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी शाळा सोडली आणि ग्लासगो रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयाच्या ऊतिविकृतिशास्त्र विभागात साहाय्यकाची नोकरी पत्करली. वेतन आठवड्याला २५ शिलिंग होते. रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या ऊतींचे पातळ काप करणे, ते रंगवणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यास तयार करणे, असे या विभागाचे काम असे. नमुना हाताळण्यातील सफाई आणि पाहण्यातील चिकाटी हे गुण पुढे त्यांच्या संशोधनाचा आधार ठरले.

पुढे कुटुंबासह त्या लंडनला आल्या आणि १९५२ पासून सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्याच स्वरूपाचे काम करू लागल्या. लंडनमध्येच त्यांची चित्रकार एन्रिकेस अल्मेडा यांच्याशी ओळख झाली. ११ डिसेंबर १९५४ रोजी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला जॉइस ही कन्या झाली. काही काळाने दोघे कॅनडात स्थायिक झाले.

टोरांटो आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक

१९५६ मध्ये जून अल्मेडा टोरांटोच्या ओंटारिओ कर्करोग संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तंत्रज्ञ म्हणून रुजू झाल्या. कॅनडातील वैज्ञानिक संस्थांमध्ये त्या काळी पदवीपेक्षा प्रत्यक्ष कामाला अधिक वाव होता. ब्रिटनमध्ये पदवीविना जे सहजासहजी मिळाले नसते, ते त्यांना येथे मिळाले. शोधनिबंधांवर सहलेखिका म्हणून त्यांचे नाव येऊ लागले.

साध्या सूक्ष्मदर्शकातून जिवाणू दिसतात. बहुतेक विषाणू मात्र दिसत नाहीत. कोरोना विषाणूचा व्यास साधारणतः ८० ते १२० नॅनोमीटर असतो, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. दृश्य प्रकाशाच्या तरंगांची लांबी याच्या कितीतरी पट असल्यामुळे इतकी लहान वस्तू प्रकाशाच्या साहाय्याने स्पष्ट पाहता येत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरला जातो. त्यामुळे विषाणूचे रूप पाहणे शक्य झाले.

तरीही एक अडचण उरत होती. विषाणू ज्या द्रवात असतो, त्यात पेशींचे असंख्य तुकडेही असतात. त्या गर्दीत विषाणू कोणता आणि कचरा कोणता, हे ओळखणे अवघड असे. अल्मेडा यांनी दोन तंत्रांवर प्रभुत्व मिळवून या अडचणीवर मात केली.

पहिले तंत्र ऋण अभिरंजनाचे. १९५९ मध्ये केंब्रिज येथे सिडनी ब्रेनर आणि रॉबर्ट हॉर्न यांनी त्याची सुलभ पद्धत प्रसिद्ध केली होती. या पद्धतीत विषाणूला रंग न देता त्याच्या भोवतालच्या जागेला रंग दिला जातो. फॉस्फोटंगस्टिक आम्लासारख्या जड धातूच्या संयुगाचा द्राव नमुन्यावर सोडला की तो विषाणूभोवती आणि त्याच्या पृष्ठभागावरील खाचाखोचांत साठतो. जड धातू इलेक्ट्रॉनांना अडवत असल्याने पार्श्वभूमी काळी दिसते आणि विषाणू उजळ उठून दिसतो. ओल्या भिंतीवर पान धरून भोवती रंग उडवावा आणि पान उचलल्यावर त्याचा आकार मागे उरावा, तसाच हा प्रकार.

दुसरे तंत्र प्रतिपिंडांचे. आजारातून बरे झालेल्या माणसाच्या रक्तात त्या विशिष्ट विषाणूला चिकटणारी प्रतिपिंडे असतात. असे रक्तद्रव्य नमुन्यात मिसळले की प्रतिपिंडे विषाणूंना एकमेकांशी जोडतात आणि विखुरलेल्या कणांचे पुंजके तयार होतात. पुंजके शोधणे सोपे जाते. शिवाय विषाणू कोणता आहे, याचीही खूण पटते, कारण प्रतिपिंड भलत्या विषाणूला चिकटत नाही. प्रतिजन आणि प्रतिपिंड यांच्या जोडणीचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाद्वारे केलेले अल्मेडा आणि सहकाऱ्यांचे संशोधन १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे या पद्धतीचा विकास आणि प्रसार करण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

१९६४ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक ॲन्थनी वॉटरसन यांच्या आग्रहावरून अल्मेडा ब्रिटनमध्ये परतल्या.

सर्दीच्या विषाणूचा शोध: पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील सॉल्झबरी शहराजवळ सर्दीवर संशोधन करणारे केंद्र सुरू झाले होते. तेथे निरोगी स्वयंसेवकांना काही दिवस ठेवून घेत आणि रुग्णांच्या नाकातील धुवण त्यांच्या नाकात थेंबाथेंबाने सोडून सर्दी होते का, हे पाहत. डॉ. डेव्हिड टायरेल हे या केंद्रातील प्रमुख संशोधक होते.

१९६० च्या दशकाच्या प्रारंभी सरे परगण्यातील एका निवासी शाळेत सर्दी झालेल्या मुलाच्या नाकातील धुवणाचा नमुना केंद्राकडे आला. त्याला 'बी ८१४' असा क्रमांक मिळाला. या नमुन्याने स्वयंसेवकांना सर्दी होत असे, म्हणजे त्यात रोगकारक घटक होता. पण प्रयोगशाळेतील नेहमीच्या पेशीसंवर्धनात तो वाढेना. स्वीडनचे संशोधक बर्टिल होर्न श्वासनलिकेच्या आतील अस्तराचे तुकडे प्रयोगशाळेत जिवंत ठेवून त्यावर विषाणू वाढवण्याच्या तंत्रात निष्णात होते. त्यांच्या साहाय्याने हे अवयव-संवर्धनाचे तंत्र वापरल्यावर बी ८१४ वाढू लागला. टायरेल आणि माल्कम बायनो यांनी १९६५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले. विषाणू वाढत होता, संसर्ग घडवत होता. परंतु तो कोणत्या जातकुळीचा आहे आणि दिसतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

याच सुमारास अमेरिकेत शिकागो येथे डोरोथी हॅमरे आणि जॉन प्रॉकनॉ यांना सर्दी झालेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या नमुन्यांतून एक अनोळखी विषाणू मिळाला होता. '२२९ ई' या नावाने तो १९६६ मध्ये नोंदला गेला.

विषाणूचे दर्शन

टायरेल यांना अल्मेडा यांच्या कौशल्याविषयी वॉटरसन यांच्याकडून कळले. अवयव-संवर्धनातील द्रवात विषाणूंची संख्या अत्यल्प असते. इतक्या विरळ नमुन्यात विषाणू दिसेल, असे त्या काळी मानले जात नसे. अल्मेडा यांना मात्र आपल्या सुधारित पद्धतीविषयी विश्वास होता. टायरेल यांनी त्यांच्याकडे बी ८१४ सोबत इन्फ्लुएन्झा आणि नागीण यांसारख्या ओळखीच्या विषाणूंचे नमुनेही पाठवले. ओळखीचे विषाणू त्यांना ओळखता आले, तर अनोळखी विषाणूविषयीचा त्यांचा निष्कर्षही विश्वसनीय मानता येईल, असा त्यामागील विचार होता.

अल्मेडा यांनी ओळखीचे विषाणू ओळखले. बी ८१४ च्या नमुन्यातही त्यांना विषाणूचे कण स्पष्ट दिसले: वाटोळे, आकाराने थोडेफार लहानमोठे आणि भोवताली टोकाशी फुगीर काट्यांची झालर असलेले.

हे रूप त्यांनी यापूर्वीही पाहिले होते. कोंबड्यांना होणाऱ्या सांसर्गिक श्वासनलिकादाहाचा विषाणू आणि उंदरांच्या यकृताला सूज आणणारा एक विषाणू यांचा अभ्यास करताना त्यांना असेच कण आढळले होते. त्या निरीक्षणावर लिहिलेला त्यांचा शोधनिबंध एका नियतकालिकाने नाकारला होता. ही इन्फ्लुएन्झाच्या विषाणूची खराब आलेली छायाचित्रे आहेत, असा परीक्षकांचा समज झाला होता. मानवी सर्दीच्या नमुन्यात तेच रूप पुन्हा दिसल्यावर, हे कण इन्फ्लुएन्झाचे नसून विषाणूंचा एक वेगळाच गट आहे, हे त्यांचे मत दृढ झाले.

अल्मेडा आणि टायरेल यांचा संयुक्त शोधनिबंध १९६७ मध्ये सामान्य विषाणुशास्त्राला वाहिलेल्या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बी ८१४ आणि २२९ ई हे दोन्ही विषाणू रूपाने कोंबड्यांच्या श्वासनलिकादाहाच्या विषाणूहून वेगळे ओळखता येत नाहीत, असे त्यात दाखवून दिले होते. कोंबडीच्या रोगाचा आणि माणसाच्या सर्दीचा कारक एकाच गटातला असू शकतो, ही त्या वेळी नवीन गोष्ट होती.

नामकरण

नव्या गटाला नाव हवे होते. अल्मेडा, टायरेल आणि वॉटरसन यांनी वॉटरसन यांच्या कार्यालयात एकत्र बसून त्याचा विचार केला. इन्फ्लुएन्झासारखा विषाणू, असे म्हणणे त्यांना मोघम वाटले. कणांभोवतीची काट्यांची झालर पाहून त्यांना खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी सूर्याभोवती दिसणाऱ्या प्रभामंडलाची आठवण झाली. त्यावरून 'कोरोना' हा शब्द पुढे आला. लॅटिन भाषेत कोरोना म्हणजे मुकुट.

१६ नोव्हेंबर १९६८ रोजी 'नेचर' या साप्ताहिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. कोंबड्यांचा श्वासनलिकादाह, उंदरांचा यकृतदाह आणि मानवी सर्दी यांना कारण होणाऱ्या या विषाणूंचा एक स्वतंत्र गट मानावा आणि त्याला कोरोना विषाणू म्हणावे, असे आठ विषाणुशास्त्रज्ञांनी त्यात सुचवले होते. त्यांमध्ये अल्मेडा, टायरेल, हॅमरे आणि अमेरिकेतील केनेथ मॅकिंटॉश यांचा समावेश होता. विषाणूंच्या नामकरणाचे काम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेही पुढे हे नाव स्वीकारले.

शोधाचे श्रेय

अल्मेडा यांना कोरोना विषाणूच्या शोधकर्त्या असे सरसकट म्हटले जाते. वास्तविक हा शोध टप्प्याटप्प्याने लागला.

* १९३१ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात कोंबडीच्या पिलांना होणाऱ्या श्वसनविकाराचे वर्णन प्रथम प्रसिद्ध झाले. १९३७ मध्ये त्याचा विषाणू कोंबडीच्या भ्रूणयुक्त अंड्यात वाढवण्यात यश आले.
* १९६५ मध्ये टायरेल आणि बायनो यांनी बी ८१४ हा मानवी विषाणू अवयव-संवर्धनात वाढवला.
* १९६६ मध्ये हॅमरे आणि प्रॉकनॉ यांनी २२९ ई नोंदवला. १९६७ मध्ये मॅकिंटॉश आणि सहकाऱ्यांनी ओसी ४३ सह आणखी काही विषाणू मिळवले.
* १९६७ मध्ये अल्मेडा आणि टायरेल यांनी मानवी विषाणूंचे रूप दाखवून त्यांचे प्राण्यांतील विषाणूंशी नाते स्पष्ट केले.

विषाणू वाढवणे हे इतरांचे काम होते. निरनिराळ्या ठिकाणी सापडलेले हे विषाणू एकाच कुळातले आहेत, हे डोळ्यांनी पाहून ओळखणे, हे अल्मेडा यांचे खरे योगदान होय.

या इतिहासाचे ज्ञान नसल्यामुळे २०२० मध्ये एक गैरसमज पसरला. जंतुनाशकांच्या साथीपूर्वीच्या बाटल्यांवर कोरोना विषाणूचा उल्लेख असल्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरली आणि साथ पूर्वनियोजित असल्याचे तर्क लढवले गेले. कोरोना विषाणू हे एका गटाचे नाव असून ते १९६८ पासून रूढ आहे, एवढे लक्षात घेतले की त्या उल्लेखाचा उलगडा होतो. अल्मेडा यांनी पाहिलेले विषाणू साध्या सर्दीचे होते. कोविड-१९ चा विषाणू त्याच कुळातला असला, तरी वेगळा आहे आणि तो २०१९ च्या अखेरीपर्यंत विज्ञानाला अज्ञात होता.

इतर संशोधन

१९६७ मध्ये वॉटरसन यांच्यासह अल्मेडा लंडनच्याच हॅमरस्मिथ येथील रॉयल पदव्युत्तर वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. त्याच वर्षी जेनिफर बेस्ट, जंगू बनातवाला आणि वॉटरसन यांच्यासमवेत त्यांनी रुबेला म्हणजे जर्मन गोवराच्या विषाणूचे रूप प्रसिद्ध केले. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला रुबेला झाल्यास बाळात जन्मजात दोष निर्माण होऊ शकतात. त्यामुळे हा विषाणू ओळखता येणे महत्त्वाचे होते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ब प्रकारच्या काविळीच्या विषाणूवर काम केले. या विषाणूचे बाह्य कवच आणि आतील गाभा यांना वेगवेगळी प्रतिपिंडे चिकटतात, हे त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवले. या काविळीच्या रक्ततपासणीत आजही कवच आणि गाभा यांच्या खुणा स्वतंत्रपणे पाहिल्या जातात.

अमेरिकी संशोधक ॲल्बर्ट कॅपिकियन यांनी लंडनमध्ये अल्मेडा यांच्याकडून प्रतिपिंडांचे तंत्र आत्मसात केले. मायदेशी परतल्यावर १९७२ मध्ये त्यांनी त्याच तंत्राने जुलाब-उलट्यांच्या साथीला कारण ठरणारा नॉरवॉक विषाणू शोधला. पुढच्याच वर्षी अ प्रकारच्या काविळीचा विषाणूही याच मार्गाने अमेरिकेत सापडला.

प्रकाशित संशोधनाच्या आधारे अल्मेडा यांना विज्ञानातील डॉक्टरेट मिळाली. रूढ मार्गाने महाविद्यालयात न शिकलेल्या व्यक्तीच्या बाबतीत ही असाधारण गोष्ट होती. त्यानंतर त्यांनी वेलकम संशोधन प्रयोगशाळेत निदान आणि लसींशी संबंधित काम केले. विषाणूंच्या प्रतिमांकनाबाबतची काही एकस्वे त्यांच्या नावावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विषाणूंच्या शीघ्र निदानाच्या मार्गदर्शिकेच्या लेखनातही त्यांचा सहभाग होता.

उत्तरायुष्य

पहिल्या विवाहाचा शेवट घटस्फोटात झाल्यानंतर मुलीला वाढवत त्यांनी संशोधन चालू ठेवले. १९८२ मध्ये त्यांनी विषाणुशास्त्रज्ञ फिलिप गार्डनर यांच्याशी विवाह केला. १९८५ च्या सुमारास निवृत्त होऊन दोघे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बेक्सहिल या गावी राहू लागले. तेथे अल्मेडा यांनी योगशिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन योगाचे वर्ग चालवले. जुन्या चिनी मातीच्या वस्तूंची दुरुस्ती करण्याचा त्यांना छंद होता.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सेंट थॉमस रुग्णालयाने त्यांना सल्लागार म्हणून पुन्हा बोलावले. एड्सच्या विषाणूची दर्जेदार छायाचित्रे घेण्याच्या कामी त्यांनी तेव्हा मदत केली. १ डिसेंबर २००७ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या ७७ व्या वर्षी बेक्सहिल येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

अल्मेडा यांच्या हयातीत कोरोना विषाणूंना दीर्घकाळ फारसे महत्त्व मिळाले नाही, कारण त्यांच्यामुळे माणसाला होणारी सर्दी आपोआप बरी होत असे. २००३ मध्ये सार्स या घातक आजाराची साथ आली, तेव्हा अमेरिकेतील संशोधकांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसलेल्या रूपावरूनच हा कोरोना कुळातील विषाणू असावा, हा महत्त्वाचा धागा मिळाला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या वारशाचा संबंध पुण्याशी येतो. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची स्थापना १९५२ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र म्हणून झाली. १९७८ पासून ती सध्याच्या नावाने ओळखली जाते. ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये भारतातील पहिला कोविड रुग्ण आढळला, तेव्हा त्याचे निदान याच संस्थेच्या तपासणीतून निश्चित झाले. त्या नमुन्यातील विषाणूचे छायाचित्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपले आणि मार्च २०२० मध्ये ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यासाठी वापरलेली पद्धत ऋण अभिरंजनाचीच होती. घशातील स्रावाच्या नमुन्यात सापडलेले मोजके कण, ७० ते ८० नॅनोमीटरचा आकार आणि भोवती काट्यांची झालर: अल्मेडा यांनी अनेक दशकांपूर्वी ओळखलेले हेच रूप होते.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिल्या रुग्णांची नोंदही पुण्यातच झाली. २५ मार्चपासूनच्या देशव्यापी टाळेबंदीत पिंपरी-चिंचवड, थेरगाव, चाकण या औद्योगिक पट्ट्यातील दैनंदिन जीवन ठप्प झाले. त्या काळात वर्तमानपत्रांत, भिंतीवरील फलकांवर आणि शाळकरी मुलांच्या चित्रांतही काटेरी गोळ्याची आकृती सर्वत्र दिसू लागली. त्या आकृतीतील काट्यांची झालर जून अल्मेडा यांच्या छायाचित्रांतही दिसली होती. साथीनंतर त्यांचे नाव प्रसिद्धीस आले आणि विज्ञानाच्या इतिहासात त्यांची दखल घेतली जाऊ लागली.